हान्नेस वाडर : लोकगायक की पक्षाचे गायक?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. हान्नेस वाडर यांना जर्मन लोकगायक म्हणावे की डाव्या पक्षाचे प्रचारक, हा पहिला. आणि त्यांना ऐकायचे झाल्यास सुरुवात कुठून करावी, हा दुसरा. पहिल्या भागात जी फारकत गृहीत धरली आहे तीच मला मान्य नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

वाडर यांचा जन्म २३ जून १९४२ रोजी बीलेफेल्डजवळच्या बेथेल येथे झाला. वडील शेतमजूर होते आणि आई लोकांकडे साफसफाईची कामे करीत असे. शाळा संपल्यावर वाडर बुटांच्या दुकानात सजावटकाराचे काम शिकले, हौशी वाद्यवृंदांत वाजवू लागले आणि पुढे ग्राफिक कला शिकण्यासाठी बर्लिनला गेले. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण त्यांच्याबरोबर नावारूपाला आलेले फ्रान्त्स योझेफ डेगेनहार्ट हे कायद्याचे डॉक्टर होते आणि कामगारांविषयी गात होते. वाडर मात्र त्याच घरांतून आलेले होते. गिटारवरची त्यांची बोटांनी छेडण्याची शैली आणि थोडासा कोरडा, न आळवणारा आवाज यांत जो साधेपणा जाणवतो, तो मला तरी ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

१९६४ ते १९६९ या काळात हुन्सऱ्युक डोंगराळ भागातील बुर्ग वाल्डेक या पडक्या किल्ल्याच्या परिसरात गाण्यांचे महोत्सव भरत. वाडर तेथे १९६६ मध्ये प्रथम गायले. तेथे जमणाऱ्या तरुण गायकांपुढची अडचण समजून घेतल्याशिवाय वाडर यांची पुढची वाटचाल कळत नाही. अमेरिकेत किंवा फ्रान्समध्ये तरुण गायक आपल्या भाषेतील जुनी गाणी निःसंकोचपणे गाऊ शकत होते. जर्मनीत मात्र हीच गाणी हिटलरच्या युवक संघटनेने संचलनात आणि शेकोटीभोवती इतकी वापरली होती की युद्धानंतरच्या पिढीला ती तोंडात घेणे नकोसे झाले होते. डेगेनहार्ट यांनी एका गाण्यात आपली जुनी गाणी मेली आहेत, असे स्पष्टच म्हटले. त्यामुळे अनेकांनी इंग्रजी आणि फ्रेंच नमुन्यांकडे पाहिले. वाडर यांच्यावरही फ्रेंच कवी-गायक जॉर्ज ब्रासेन्स यांचा मोठा प्रभाव होता. जुन्या गाण्यांकडे परतण्याची एक वाट मात्र उपलब्ध होती. पूर्व जर्मनीतील अभ्यासक वोल्फगांग श्टाइनित्स यांनी सहा शतकांतील लोकशाही आशयाची लोकगीते दोन खंडांत संकलित केली होती : सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्धची, विणकरांची, १८४८ च्या क्रांतीची. नाझींना न चालणारी लोकगीतेही याच भाषेत आहेत, हे त्या संग्रहाने दाखवून दिले.

वाडर यांनी हीच वाट पुढे नेली. १९७४ मध्ये त्यांनी उत्तर जर्मनीच्या प्लाटडॉइच बोलीतील गाण्यांची तबकडी काढली. तिच्यातील 'दाट दू मिन लेव्हस्टेन ब्युस्ट' या पारंपरिक गीतातली मुलगी प्रियकराला सांगते : रात्री ये, बाप झोपलेला असेल, आई झोपलेली असेल, दाराची कडी हलव, बापाला वाटेल, आईला वाटेल, वाराच असेल. या गाण्यात राजकारणाचा लवलेश नाही. तरीही १९७४ च्या जर्मनीत एखाद्या डाव्या तरुण गायकाने ते इतक्या सरळपणे, थट्टा न करता गाणे, ही भूमिकाच होती. पुढच्या वर्षीच्या तबकडीला त्यांनी 'लोकगायक' असेच नाव दिले.

दरम्यान एक प्रकरण त्यांना चांगलेच भोवले. १९७१ मध्ये दौऱ्यावर असताना त्यांनी हाम्बुर्गमधील आपले घर एका ओळखीच्या स्त्रीला वापरायला दिले. ती खोट्या नावाने वावरणारी, रेड आर्मी फॅक्शन या डाव्या दहशतवादी संघटनेची गुडरून एन्सलिन निघाली. वाडर यांची चौकशी झाली. ती पुढे थांबवण्यात आली, परंतु आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीची दारे त्यांना काही वर्षे जवळपास बंद झाली. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गाणे 'होयटे हिअर, मॉर्गेन डॉर्ट', म्हणजे 'आज इथे, उद्या तिथे', हे १९७२ मध्ये आले, ते याच काळात. त्याची चाल गॅरी बोलस्टाड या अमेरिकन गायकाची आहे, शब्द वाडर यांचे. नभोवाणीच्या कृपेविना हे गाणे शाळांत, सहलींत, युवक शिबिरांत इतके रुजले की अनेक जर्मनांना ते पारंपरिकच वाटते. लोकगायकाची याहून चोख कसोटी मला सुचत नाही. १९७३ मध्ये त्यांनी उत्तर फ्रीसलँडमधील श्ट्रुकुम या गावी जुनी पवनचक्की विकत घेतली आणि दोन दशकांहून अधिक काळ ते तेथेच राहिले.

आता पक्षाविषयी. १९७७ मध्ये ते जर्मन कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले आणि १९९१ मध्ये बाहेर पडले. 'हान्नेस वाडर कामगारगीते गातात' ही १९७७ ची तबकडी पक्षाच्या वृत्तपत्राच्या महोत्सवातील कार्यक्रमाची आहे आणि प्रचाराचा आरोप होतो तो मुख्यतः हिच्यावरून. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. काही गाण्यांत सभेचा आवेश गायकीवर कुरघोडी करतो. परंतु तिच्यातच 'मोअरझोल्डाटेन', म्हणजे 'दलदलीचे सैनिक', आहे. हे गाणे १९३३ मध्ये ब्योर्गरमोअर येथील छळछावणीत कैद्यांनी रचले आणि पहारेकऱ्यांसमोर गाऊन दाखवले, त्यानंतर दोनच दिवसांत त्यावर बंदी आली. अशा गाण्याला लोकगीत म्हणायचे की राजकीय गीत?

त्यांची सर्वांत समर्थ रचना माझ्या मते १९८० ची 'एस इस्ट आन डेर त्साइट', म्हणजे 'वेळ आली आहे'. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले ऑस्ट्रेलियन गायक एरिक बोगल यांच्या पहिल्या महायुद्धावरील इंग्रजी गाण्याचे हे रूपांतर; पण बदल पाहण्यासारखे आहेत. बोगल यांच्या गाण्यातील सैनिकाला नाव आहे. वाडर शांपान्य प्रदेशातील ज्या क्रूसापुढे थांबतात, त्यावर नाव नाही, केवळ आकडे आहेत आणि कोणीतरी रंगवलेले १९१६ हे साल. सैनिक एकोणीस वर्षांचाही नाही. बोगल यांचे ध्रुवपद अंत्यविधीची वाद्ये वाजली का, असे विचारते; वाडर यांचे त्या मुलाला सांगते की आज आम्हाला फसवतात तसेच तुलाही फसवले गेले. युरोपात नवी अण्वस्त्रे आणण्याचा निर्णय नाटोने डिसेंबर १९७९ मध्ये घेतला होता, आणि हे गाणे शांतता चळवळीच्या सभांत सर्वत्र गायले जाऊ लागले.

पक्ष सोडल्यानंतरच्या काळात त्यांनी १९९६ मध्ये अठराव्या शतकातील स्वीडिश कवी-गायक बेलमन यांच्या आणि १९९७ मध्ये ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्ट यांच्या रचना गायल्या. शूबर्टसाठी प्रशिक्षित आवाज लागतो, असे मानणाऱ्यांना ती तबकडी रुचणार नाही, मला रुचते. २०१२ मध्ये डी टोटेन होझेन या पंक गटाने 'आज इथे, उद्या तिथे' गायले, तेव्हा वाडर यांची नातवंडे शोभतील अशा श्रोत्यांपर्यंत ते गाणे पोहोचले. २०१३ मध्ये त्यांना जीवनगौरवाचा एको हा जर्मन संगीत पुरस्कार मिळाला, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये निरोपाचा कार्यक्रम केला, आणि ऐंशीव्या वर्षी, २०२२ मध्ये, पुन्हा एक संग्रह काढलाच.

ऐकायची सुरुवात १९७२ च्या 'सात गाणी' या तबकडीपासून करावी. मॅक्समुल्लर भवनात जर्मनच्या एक-दोन पातळ्या झालेल्यांनाही शब्द समोर ठेवून तिच्यातले बरेचसे कळेल, कारण वाडर यांचे उच्चार स्वच्छ आहेत. त्यानंतर प्लाटडॉइच गाणी, मग 'वेळ आली आहे' बोगल यांच्या मूळ गाण्याशेजारी ठेवून ऐकावे. कामगारगीते त्यानंतरच घ्यावीत. आधी घेतल्यास आपल्या प्रश्नातला 'प्रचारक' तेवढाच ऐकू येण्याचा धोका आहे.