मातीच्या गावातला दगड

मागच्या अंकात वडोद्याच्या जुन्या वाड्यांवर लिहिलं आणि त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख दगडावर होता. बांधकामशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, पण वर्गात दगडाबद्दल आपणहून विचारणारा विद्यार्थी क्वचितच भेटायचा; सगळ्यांचं लक्ष सिमेंट आणि सळईवर. त्यामुळे ही पत्रं वाचताना मनापासून आनंद झाला. जागा बेताची आहे, म्हणून निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमची नात पुण्यात वाढलेली. सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "आजी, तुमच्याकडे सगळं विटांचं कसं? आमच्याकडे देऊळ काळ्या दगडाचं, घाट काळ्या दगडाचा." गायकवाडांकडे पैशाला काय तोटा होता? मग दगडी वाडे का नाही बांधले? आणि लक्ष्मी विलासचा दगड कुठला? (एक आजी, रावपुरा)

उत्तर : आजी, नातीची नजर चांगली आहे, तिला माझ्यातर्फे शाबासकी द्या. पैसा होता, पण दगड नव्हता. पुणं ज्यावर वसलंय तो काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. तिथे पाया खणायला घेतला की दगड लागतो. तोच फोडायचा, तोच घडवायचा, तोच रचायचा. आपल्या पायाखाली आहे तो नद्यांनी आणून टाकलेला गाळ. वडोद्यात कुठेही विहीर खणा, माती, वाळू आणि मधूनमधून कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे. आपल्याला सगळ्यात जवळचा खराखुरा डोंगर म्हणजे पावागड, तोही इथून पन्नासेक किलोमीटरवर. दगड बैलगाडीने आणायचा त्या काळात हे अंतर थोडं नव्हतं.

गाळाची माती विटेला उत्तम. म्हणून आपला वाडा विटांचा आणि सागवानी खांब-तुळयांचा झाला, दगड लागला तो मोजक्या जागी. खांबाखाली तळखडा, दाराला उंबरठा, पुढे पायऱ्या, न्हाणीत फरशी. जमिनीतली ओल लाकडात चढू नये, वाळवीला वाट मिळू नये, रोजच्या पायांनी झीज होऊ नये, पाणी मुरू नये, एवढ्याच कामांना दगड. मला या हिशेबाचं फार कौतुक वाटतं. दगड मुबलक असलेल्या गावात तो कुठेही लागतो. जिथे तो लांबून आणावा लागतो तिथे प्रत्येक दगडामागे कुणीतरी विचार केलेला असतो, आणि त्या माणसांना नेमकं काय टिकवायचं होतं ते त्यातून दिसतं. वडोदं बघायचं तर असं बघावं.

आता लक्ष्मी विलास. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. ते १८८१ मध्ये वारले, पुढचं काम रॉबर्ट चिझम यांनी पुरं केलं आणि १८९० मध्ये महाल तयार झाला. त्याला सोनगडचा दगड लागला, पुण्याकडचा निळसर काळा ट्रॅप, म्हणजे तोच लाव्हाचा कातळ, लागला, आग्र्याकडचा लाल वालुकाश्म, राजस्थानचा संगमरवर आणि थेट इटलीतल्या कराराचा संगमरवर लागला. तुमच्या नातीला सांगा, तिच्या पुण्याचा दगडही या महालात आहे. मला स्वतःला त्यात सोनगडचं नाव सगळ्यात जवळचं वाटतं. पिलाजीराव गायकवाडांचं ठाणं सोनगड. तिथून निघालेलं घराणं वडोद्यात स्थिरावलं आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी त्याच सोनगडचा दगड त्यांच्या महालाला आला.

पुढच्या वेळी नातीला घेऊन जाल तेव्हा तिला दगडाचा पोत बघायला लावा. ट्रॅप कठीण, भार घेणारा, पण बारीक नक्षीला छिन्नीला दाद देत नाही. वालुकाश्म छिन्नीखाली हवा तसा वळतो, म्हणून झरोके आणि जाळ्या त्याच्या. संगमरवराला घासून झळाळी येते, म्हणून तो आत, सावलीत शोभतो.

प्रश्न : मी कॉलेजात इतिहास शिकते. वर्गाची सहल डभोईला गेली होती. हिरा भागोळ बघितली. तिथे सांगतात की हिरा नावाच्या कारागिराला राजाने भिंतीत जिवंत चिणलं. हे खरं का? आणि दगडावर अभ्यास करायचा तर वडोद्यात राहून काय करता येईल? (एक विद्यार्थिनी, प्रतापनगर)

उत्तर : ज्यांनी ही गोष्ट ऐकलेली नाही त्यांच्यासाठी आधी ती थोडक्यात. डभोईच्या किल्ल्याला चार वेशी: पूर्वेची हिरा, पश्चिमेची वडोदरी, उत्तरेची चांपानेरी, दक्षिणेची नांदोदी. हिरा भागोळ बांधणाऱ्या हिराधराने वेशीसाठी आणलेल्या दगडांतले काही दगड आपल्या प्रेयसीच्या, तेनच्या, तळ्यासाठी वापरले. राजाला ते कळलं आणि त्याने हिराला भिंतीत चिणायची शिक्षा दिली. तेनने दगडांच्या फटीतून तूप ओतून त्याला जगवलं. पुढे वेशीचं अडलेलं काम दुसऱ्या कुणाच्याने होईना, तेव्हा त्याला बाहेर काढलं.

ही लोककथा आहे, तिला शिलालेखाचा आधार नाही. पण बाळ, तिला खोटी म्हणून टाकून देऊ नकोस. तिच्यात गुन्हा कसला आहे ते बघ: दगडाची चोरी. सोनं नाही, जमीन नाही, दगड. ज्या मुलखात दगड कोस-कोस लांबून ओढत आणावा लागे, तिथेच दगड पळवणं एवढा मोठा अपराध वाटू शकतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावात ही गोष्ट जन्मली नसती. कथेतला हिरा खरा असो वा नसो, त्या काळच्या दगडाची किंमत ती बरोबर सांगते.

त्या काळच्या बांधकामाचा लिखित पुरावा हवा असेल तर डभोईचीच प्रशस्ती, म्हणजे कोरलेला स्तुतिलेख, आहे, विक्रम संवत १३११ ची, म्हणजे १२५३ ची. वाघेला राजा वीसलदेवाच्या काळातली, सोमेश्वर कवीने रचलेली. तिचे श्लोक आणि वेशीवरचं कोरीव काम शेजारी ठेवून वाच.

वेशीपाशी पुन्हा गेलीस तर आणखी एक बघ. वालुकाश्म थराथरांनी बनलेला असतो. खाणीत तो जसा आडवा होता तसाच भिंतीत बसवला तर शतकं टिकतो. उभा बसवला की पावसाळ्यामागून पावसाळे त्याचे पापुद्रे सुटत जातात. एकाच भिंतीत एक दगड शाबूत आणि शेजारचा सोललेला दिसला, तर थर कुठल्या दिशेला आहेत ते आधी तपासायचं. हे पुस्तकातून फारसं कळत नाही, दगडासमोर उभं राहून कळतं.

वडोद्यात काय करता येईल, हा तुझा दुसरा प्रश्न. खूप काही. भोजराजाच्या नावावरचा 'समराङ्गणसूत्रधार' हा अकराव्या शतकातला वास्तुग्रंथ धारचा, पण तो पहिल्यांदा छापून निघाला तो आपल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, टी. गणपतिशास्त्री यांनी संपादित केलेल्या दोन खंडांत, १९२४ आणि १९२५ साली. देवळं कशी बांधावीत हे गुजरात-राजस्थानच्या सूत्रधारांच्या, म्हणजे मुख्य शिल्पींच्या, परंपरेत सांगणारा 'अपराजितपृच्छा'ही याच मालेत १९५० मध्ये आला. ज्या गावाला स्वतःचा दगड नाही त्या गावाने दगडी वास्तूंचे ग्रंथ जगाला वाचायला दिले, याचा आपण वडोदेकरांनी अभिमान बाळगावा असं मला वाटतं. संस्कृत येत नसेल तर आत्ताच शिकायला लाग. मूळ श्लोक आणि मोजमापं समजली नाहीत तर तू कायम दुसऱ्याच्या सारांशावर विसंबून राहशील.

सयाजीबागेतल्या संग्रहालयात उत्तर गुजरातेतल्या शामळाजीच्या मूर्ती आहेत, निळसर-हिरव्या पारेवा दगडाच्या. मऊ, बारीक पोताचा दगड. वस्त्राची चुणी, केसांची बट, मांडीवरच्या बाळाची बोटं, सगळं त्यात उतरतं. कला-इतिहासकार उमाकांत शहांनी या मूर्तींवर केलेलं काम वाच.

आणि शामळाजीजवळच देवनी मोरी. मेश्वो नदीवर धरण होणार होतं, म्हणून आपल्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने १९६० ते १९६३ मध्ये तिथे उत्खनन केलं. र. ना. मेहता आणि चौधरी यांचं ते काम. तिथला बौद्ध स्तूप विटांचा होता, पण त्याच्या पोटात निघाला दगडी करंडक, ब्राह्मी अक्षरांत संस्कृत लेख कोरलेला. दशबलाच्या म्हणजे बुद्धाच्या अवशेषांसाठी तो घडवल्याचं त्यावर लिहिलंय, वर्ष दिलंय, घडवणाऱ्याचं 'वराह' हे नावही दिलंय. ती जागा आता पाण्याखाली आहे. सगळा स्तूप विटांचा आणि दगड फक्त त्या एका वस्तूला, जी कधीच नष्ट होऊ नये असं त्यांना वाटत होतं. पहिल्या उत्तरात तळखड्याबद्दल लिहिलं ते इथेही लागू पडतं. अभ्यासाचा विषय शोधत असशील तर हा घे: विटांच्या मुलखात दगड कुठे वापरला आणि का.

प्रश्न : आमच्याकडे आजेसासूबाईंच्या वेळचं पंचायतन आहे. मुलगा म्हणतो, "देव्हाऱ्यात पाच दगडच तर आहेत." ते वेगवेगळे का असतात? आणि शाळिग्राम खरा आहे की नकली हे घरी ओळखता येतं का? (एक गृहिणी, वाडी)

उत्तर : मुलाला म्हणावं, दगडच आहेत, पण ते कुठून कुठून आलेत ते तर बघ. परंपरेने पंचायतनात विष्णूसाठी नेपाळातल्या गंडकीचा शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेचा बाण, गणपतीसाठी शोण नदीतला तांबडा शोणभद्र, देवीसाठी आंध्रातल्या सुवर्णमुखी नदीतला चमकदार खडा आणि सूर्यासाठी तंजावरजवळच्या वल्लमचा स्फटिक. हिमालयापासून कावेरीच्या मुलखापर्यंतचा देश एका ताम्हनात मावतो. ज्यांनी हे ठरवलं त्यांचा भूगोल पक्का होता.

यातला शाळिग्राम मला सगळ्यात विलक्षण वाटतो. त्यावरचं चक्र म्हणजे समुद्रात राहणाऱ्या अमोनाइट नावाच्या प्राण्याच्या शंखाचा ठसा. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी, हिमालय वर येण्याच्या कितीतरी आधी, तिथे समुद्र होता. त्याच्या तळाच्या चिखलात हे शंख गाडले गेले, त्यांचा दगड झाला, पुढे तळाचाच डोंगर झाला आणि काली गंडकी तो डोंगर कापत ते बाहेर काढते. पूजा करणाऱ्याने हे जाणून घेतलं म्हणून श्रद्धेला काही धक्का लागत नाही. उलट मला तर हात जोडताना जास्तच वाटतं.

खरेपणाचं म्हणाल तर चक्राच्या वळ्यांवर भिंगातून बघा. शंखाच्या बरगड्या जवळजवळ, आत जाल तशा बारीक होत गेलेल्या दिसतात. यंत्राने कोरलेली रेघ सगळीकडे सारख्याच खोलीची असते. खरवडून किंवा फोडून कृपा करून बघू नका. बाण मात्र गारेच्या जातीचा, फार कठीण. नर्मदेत प्रवाहाने आणि वाळूने घासून गुळगुळीत झालेले बाण मिळतात तसे मध्य प्रदेशातल्या बकावां गावात हाताने घासून घडवलेलेही मिळतात. घडवलेला म्हणून तो कमी प्रतीचा असं मी मानत नाही. त्यात कारागिराची मेहनत आहे.

एक काळजी घ्या. शाळिग्रामात कधीकधी चुन्याचा अंश असतो, म्हणून पंचामृत झालं की लगेच साध्या पाण्याने धुऊन कोरडा करा.

प्रश्न : ओट्यावर पांढरा संगमरवर बसवला आणि महिन्याभरात लिंबाचे डाग पडले. काय लावू? (कारेलीबाग)

उत्तर : ते डाग नाहीत, लिंबाने दगड खाल्लाय. संगमरवर चुन्याचाच प्रकार, आंबट लागलं की विरघळतो. काही लावून भागणार नाही, कारागिराकडून पुन्हा पॉलिश करून घ्या, नाहीतर ओट्यावर ग्रॅनाइट टाका. लिंबू, चिंच, कोकम, दही रोज ज्या घरात लागतं तिथे संगमरवराचा ओटा बसवून देणाऱ्याने तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.

प्रश्न : आमचा वाडा जुना. पुराचं पाणी ओसरल्यापासून खांबांच्या तळखड्यांवर पांढरी पूड येते आणि दगडाचे टवके निघतात. कंत्राटदार म्हणतो, सिमेंटचा गिलावा करून वर ऑइल पेंट मारू. करू का? (बाबाजीपुरा)

उत्तर : नका करू! हे पत्र वाचून मी बाकीची बाजूला ठेवली आणि याचं उत्तर आधी लिहिलं.

ती पांढरी पूड म्हणजे लोणा. पुराच्या आणि जमिनीतल्या पाण्याबरोबर क्षार दगडात शिरतात. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक मागे राहतात, ते फुगतात आणि दगडाचा पृष्ठभाग आतून ढकलून फोडतात. सिमेंट आणि ऑइल पेंटने दगडाची बाहेरची वाट बंद होते. मग ओल वर चढते, थेट खांबाच्या लाकडात. ज्या कामासाठी तुमच्या पूर्वजांनी लांबून दगड आणवला, त्या कामाच्या नेमकं उलट. खांबाचा पाय कुजला की वरचा मजला बसतो.

करायचं ते असं. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा: तुंबलेली मोरी, फुटलेला नळ, ओट्याला टेकून साचणारं पावसाचं पाणी. ते बंद झाल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ. मग पूड कोरड्या, मऊ ब्रशने झाडून सुपडीत गोळा करा. पाण्याने धुतलीत तर ती पुन्हा आत जाईल. नंतर कोऱ्या कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात भिजवून तळखड्यावर जाड थापा आणि पूर्ण वाळू द्या. वाळताना तो क्षार ओढून घेतो. काढून टाका, पुन्हा नवा थापा. असं काही वेळा करावं लागेल, घाई करू नका. ॲसिड कुणी सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

सांध्यांत आधी कुणी सिमेंट भरलं असेल तर ते हलक्या हाताने काढून चुन्याने भरा, एक भाग चुना आणि अडीच-तीन भाग धुतलेली वाळू. चुन्यातून ओल बाहेर पडते. चुन्याचं काम जाणणारा गवंडी आता मिळायला वेळ लागतो. जुन्या देवळांची डागडुजी करणाऱ्यांकडे चौकशी करा.

एखादा तळखडा अर्ध्याहून अधिक फुटला असेल तर तो बदलावा लागेल. त्यासाठी आधी वरच्या तुळईला जॅक लावून खांबाचा भार काढून घ्या, आणि हे जाणत्या इंजिनिअरला समोर उभं करूनच करा. नवा दगड घट्ट, कमी पाणी पिणारा घ्या, ट्रॅप मिळाला तर उत्तम. बसवण्यापूर्वी खांबाचा तळही ठोकून बघा: आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर तेवढा तुकडा कापून सागवानाचा जोड द्यावा लागेल.