तिकीट नसलेल्या कॉन्सर्टची तयारी

पोरी,

मोफत रॉक कॉन्सर्टला जायचा तुमच्या पाच जणांचा बेत पक्का झाला हे तुझ्या पत्रात वाचून बरं वाटलं. पण शेवटी तू लिहिलंस, ‘फुकटच आहे, तर काय जातंय? नाही आवडलं तर निघून येऊ.’ त्या एका वाक्यापायी हे लांबलचक उत्तर लिहायला बसले आहे.

तिकीट म्हणजे नुसते पैसे नव्हेत. तिकीट तुझी जागा ठरवतं, आत किती माणसं येणार याला हद्द घालतं, दार कधी उघडणार ते सांगतं. मोकळ्या मैदानातल्या मोफत कॉन्सर्टला यातलं बरंचसं नसतं, किंवा असलं तरी सैल असतं. कामं मात्र तशीच उरतात. काही आयोजक उचलतात, उरलेली तिथे आलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला येतात. त्यामुळे अशा कॉन्सर्टला जाणारा माणूस मला पाहुण्यापेक्षा कार्यघरातला वाटतो. यजमानांइतकाच तोही जबाबदार.

आणि फुकट म्हणजे कोणीच पैसे मोजले नाहीत असंही नाही. कुठे शहराची तिजोरी मोकळी होते, कुठे प्रायोजक येतो, कुठे चित्रीकरण करणारी कंपनी, तर कुठे बँडच आपलं मानधन सोडतो. पोलंडमध्ये 1995 पासून दर उन्हाळ्यात एक मोठा मोफत रॉक महोत्सव भरतो. हिवाळ्यात रुग्णालयांच्या उपकरणांसाठी रस्त्यावर उभं राहून निधी गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांचे आभार मानायला तो सुरू झाला. गर्दीकडे लक्ष द्यायलाही तिथे शिकवून तयार केलेले स्वयंसेवकच असतात. हे मला फार आवडतं.

आता कामाचं बोलू. सगळ्यात आधी, उभं कुठे राहायचं?

तुला बॅरिकेडला चिकटून उभं राहायचंय, हे मी न सांगता ओळखलं. एखाद्या गाण्यापुरतं जरूर राहा. गिटारवादकाची बोटं तारेवर कशी सरकतात, ड्रमर पुढच्या गाण्याआधी बासवाल्याकडे कसा बघतो, हे तिथूनच दिसतं. पण आवाज तिथे चांगला नसतो. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचा रोख पहिल्या रांगेच्या डोक्यावरून पुढे असतो. पहिल्या रांगेसाठी स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर लावतात, तरी तिथे गिटारचे अ‍ॅम्प आणि ड्रम थेट अंगावर येतात आणि गाणाऱ्याचा आवाज त्यात बुडतो. मी इतकी वर्षं साउंड डेस्कच्या मागे काढली, म्हणून सांगते: गर्दीच्या मधोमध मिक्सरचा, म्हणजे सगळ्या वाद्यांचा आणि गाण्याचा आवाज जुळवणाऱ्या यंत्राचा, जो तंबू किंवा चौथरा असतो, त्याच्या जरा पुढे उभी राहा. मिक्सरवर बसलेला माणूस तिथे जे ऐकतो त्यावरूनच सगळा आवाज बसवतो. डावी गिटार डावीकडून आणि उजवी उजवीकडून ऐकू येते ती तिथेच.

मागे उभं राहावं लागलं तरी खट्टू होऊ नकोस. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो, म्हणजे शंभर मीटरवर तो जवळजवळ 0.3 सेकंद उशिरा पोचतो. ड्रमरची काठी पडलेली आधी दिसते, ठोका मग ऐकू येतो. मोठ्या मैदानात मध्ये मध्ये स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे स्टेजवरून आलेला आवाज आणि मनोऱ्याचा आवाज कानात एकत्र पोचतात. असा मनोरा दिसला तर त्याच्या पाठीमागे नाही, त्याच्या समोरच्या बाजूला जागा धर. वारा सुटला की लांबवर सुरांची धार कमी जास्त होते, आवाज लाटेसारखा येतो-जातो. तो बिघाड नाही, मोकळ्या हवेचा गुण आहे. मला तर तो आवडतो.

मित्रांचं आता. पाच जणांपैकी दोघांना पुढे जायचं असेल, एकाला गर्दी सोसत नसेल, एकजण या बँडचं एकही गाणं न ऐकता केवळ तुमच्यासाठी येत असेल. हे घरीच बोलून घ्या, मैदानात बोललेलं ऐकू येत नाही. जोड्या पाडा, कोणी एकटं राहू नये. भेटायची जागा स्टेजच्या संदर्भाने ठरवू नका, ‘स्टेजच्या उजवीकडे’ हजारो माणसं असतात. जागा गर्दीबाहेरची आणि रात्री अंधारातही ओळखू येणारी हवी: प्रथमोपचाराचा तंबू, एखादं मोठं झाड, क्रमांक लिहिलेला दिव्याचा खांब. वेळही ठरवा, नुसतं ‘नंतर’ नको. एवढ्या माणसांत फोनचं नेटवर्क कोलमडतं. कॉल लागत नाही तेव्हा साधा मेसेज कधी कधी जातो, पण भरवसा त्यावरही नको. एकमेकांचे नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.

आणि ज्याने या बँडचं काहीच ऐकलेलं नाही तो मित्र, त्याला आदल्या दिवशी दोन-तीन गाणी ऐकव. अख्खी यादी नको, ज्या गाण्यावर गर्दी हमखास एकत्र गाते तेवढीच. ओळखीची एक ओळ सापडली की माणूस परका राहत नाही.

आता जरा गंभीर होते. तुला 1969 मधल्या दोन मोफत कॉन्सर्टची गोष्ट माहीत असायला हवी. दोन्ही रोलिंग स्टोन्स या इंग्रज रॉक बँडच्या. पहिली 5 जुलैची, लंडनच्या हाइड पार्कात. त्याच आठवड्यात त्यांचा जुना सहकारी ब्रायन जोन्स गेला होता. लाखोंनी माणसं आली, त्याच्यासाठी स्टेजवरून कविता वाचली गेली आणि दिवस शांततेत पार पडला. दुसरी 6 डिसेंबरची, कॅलिफोर्नियातल्या ऑल्टमाँट इथल्या मोटार शर्यतीच्या मैदानावर. तिथे चार माणसं मेली, त्यातला एक अठरा वर्षांचा मुलगा स्टेजसमोर भोसकला गेला.

लोक म्हणतात एक दिवस चांगला निघाला, एक वाईट. मला ते पटत नाही. ऑल्टमाँटचं मैदान आयत्या वेळी ठरलं. स्टेज दुसऱ्या जागेसाठी बेतलेलं होतं, तिथे ते चढावर असणार होतं म्हणून उंची कमी ठेवलेली. इथे तेच ठेंगणं स्टेज उताराच्या तळाशी आलं. वरून सगळी गर्दी त्याच्यावर कलली आणि मध्ये आडोसा म्हणून काही नाही. स्टेज सांभाळायला बसवले होते मोटारसायकल टोळीचे लोक, दारू प्यायलेले. शौचालयं अपुरी, वैद्यकीय मदत अपुरी. यातलं काहीही दैवाने झालं नाही. मैदानात शिरताना तू या गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघ. स्टेज उंच आहे का? पुढे पक्कं बॅरिकेड आहे का? बाहेर पडायचे रस्ते किती, आणि ते उघडे आहेत का? पाणी कुठे, प्रथमोपचार कुठे? हे बघायला पाच मिनिटं लागतात. उत्तरं समाधानकारक नसतील तर मागे थांबा, किंवा सरळ परत फिरा. तुझा आवडता बँड पुन्हा वाजवेल.

गर्दीचंही एक शास्त्र आहे. चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असली की मोकळेपणी नाचता येतं. पाचच्या वर गेली की धोका सुरू होतो. त्याहून दाटी वाढली की माणूस स्वतःच्या मर्जीने हलत नाही, गर्दी द्रवासारखी वागायला लागते आणि धक्का लाटेसारखा एका टोकाकडून दुसऱ्याकडे जातो. अशा वेळी जीव जातो तो बहुतेकदा पायाखाली तुडवून नाही, छाती दाबली जाऊन श्वास अडल्यामुळे. ओळखायची खूण सोपी आहे: चारी बाजूंनी अंगं टेकली आहेत आणि हात वर नेऊन चेहऱ्याला लावता येत नाही, तर तू गरजेपेक्षा जास्त वेळ थांबली आहेस. त्याच्या बऱ्याच आधी निघ. अडकलीसच तर दोन्ही हात छातीसमोर, बॉक्सर धरतो तसे धर, म्हणजे फासळ्यांना फुलायला जागा राहते. लाटेच्या विरुद्ध जोर लावू नकोस. ती ओसरली की तिरकी सरक, कडेकडे. फोन पडला तर पडू दे, वाकू नकोस. ओरडून दम घालवू नकोस. आणि शेजारचं कोणी पडलं, तर गाणं कितीही आवडतं असो, आधी त्याला उभं करा. मॉशपिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर एकमेकांना धडका देत नाचणाऱ्यांच्या गोलात, हा नियम न सांगता पाळला जातो. बाहेरून रानटी दिसणाऱ्या त्या गोलात मी जितकी काळजी पाहिली आहे तितकी शहाण्यासुरत्या रांगांमध्येही पाहिलेली नाही.

कानांबद्दल मी हट्टी आहे, ऐकून घे. रॉक कॉन्सर्टमध्ये आवाज सहज 100 डेसिबलच्या वर जातो. कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेतली संशोधन संस्था जी शिफारस करते तिच्यानुसार 85 डेसिबल आठ तास चालतात, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. तुम्ही तिथे तीन-चार तास असणार. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. ‘द हू’ या रॉक बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याने आपल्या कानातल्या घणघणीबद्दल आयुष्यभर उघडपणे सांगितलं आहे. संगीतासाठी बनवलेले इयरप्लग मिळतात, ते सगळा आवाज सारखा खाली आणतात, सूर मातट होत नाहीत. पाचही जणांसाठी घ्या आणि पहिल्या बँडपासून घाला. प्लग घातल्यावर गाण्याचे शब्द उलट जास्त स्पष्ट कळतात.

पहिला बँड म्हटलं त्यावरून आठवलं. दुपारपासून वाजवणाऱ्या छोट्या बँडना पाठ दाखवून गप्पा मारत बसू नका. त्या हाइड पार्कच्या दुपारी स्टोन्सच्या आधी वाजवणाऱ्यांत किंग क्रिमसन नावाचा नवाकोरा बँड होता. त्यांचा पहिला अल्बम तेव्हा आलाही नव्हता, तो आला ऑक्टोबरात. समोर लाखोंची गर्दी, त्यातले कितीतरी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते, आणि पुढे रॉकच्या इतिहासातल्या महत्त्वाच्या अल्बममध्ये त्याची गणना झाली. मोफत कॉन्सर्टचं हेच तर मोल. कोणी विकत घेणार नाही असं संगीत तिथे माणसाच्या कानावर पडतं. कडेने जाणारा थांबतो, आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे राहतात, ज्यांना तिकीट कधीच परवडलं नसतं तेही येतात. 25 मार्च 2016 ला क्युबाच्या राजधानीत, हवानात, स्टोन्सनी मोफत कॉन्सर्ट केली. ज्या देशात सरकार रॉककडे बराच काळ संशयाने पाहत होतं, तिथे तरुणपणी चोरून ऐकलेली गाणी पांढऱ्या केसांची माणसं पहिल्यांदा उघड्यावर ऐकत होती. त्या लोकांना ‘फुकट आहे, तर काय जातंय’ म्हणून बघ.

फोनवर दोन गाणी रेकॉर्ड कर हवी तर, पण हात डोक्यावर धरून तासभर नको. मागच्या बुटक्या माणसाने काय पाहायचं? जास्त उंच मित्राला जरा मागे उभं करा. पोटभर पाणी पीत राहा, चक्कर येणारी माणसं बहुतेक उन्हात उपाशी उभी राहिलेली असतात.

शेवटच्या गाण्याआधी निघायची घाई करू नका, आणि ते संपल्यावरही करू नका. एन्कोर, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर बँडने परत येऊन वाजवलेली जादा गाणी, होईलच असं धरून चालू नका. 18 सप्टेंबर 1976 ला हाइड पार्कातच क्वीन या बँडच्या मोफत कॉन्सर्टला उशीर झाला आणि पोलिसांनी बँडला परत स्टेजवर जाऊ दिलं नाही. सार्वजनिक बागेतल्या वेळा असतात, आसपास माणसं राहतात. तेव्हा बँडवर चिडू नका. सगळी गर्दी एकदम दाराकडे लोटते, ती पहिली वीस-पंचवीस मिनिटं गर्दीबाहेर ठरलेल्या जागी बसून काढा. तेवढ्यात आपल्या भोवतालचा कचरा उचला, आपला नसला तरी. हाइड पार्कात 1969 ला कचऱ्याची पिशवी भरून देणाऱ्या चाहत्यांना बँडची नवी तबकडी दिली होती म्हणतात. तुम्हाला कोणी काही देणार नाही. पण दुसऱ्या दिवशी मैदान बघून पुढच्या वर्षी परवानगी द्यायची की नाही ते कोणीतरी ठरवणार असतं, आणि पुढच्या वर्षी तिथे दुसरी कोणी पोरगी पहिल्यांदा बास छातीत वाजताना अनुभवणार असते.

दोन दिवसांनंतरही कानात शिट्टी राहिली तर डॉक्टरकडे जा, टाळाटाळ नको. आणि दुपारच्या त्या छोट्या बँडांपैकी कोणता आवडला ते मला कळव. नाव नीट लिहून घे, स्टेजवरून ते एकदाच सांगतात.

तुझी,
मावशी