वाचकांचे प्रश्न : जुन्या लॅपटॉपची दुरुस्ती

या अंकात जुन्या लॅपटॉपसंबंधी कोल्हापुरातून आलेल्या चार पत्रांना उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्या पत्रात यंत्रापेक्षा त्यात साठलेल्या मजकुराचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहणारा, मराठीचा निवृत्त शिक्षक आहे. २००५ साली घेतलेला आयबीएम थिंकपॅड टी ४२ माझ्याकडे आहे. त्यावर विंडोज एक्सपी असून, पॅरलल पोर्टला (प्रिंटर जोडण्याच्या जुन्या रुंद खोबणीला) लॉक, म्हणजे परवान्याची छोटी डबी, लावल्याशिवाय न चालणारे मराठी टंकलेखनाचे एक जुने सॉफ्टवेअर आहे. माझे आजवरचे बहुतेक लेखन त्याच्याच फाँटमध्ये आहे. हल्ली यंत्र सुरू करताना १६१ आणि १६३ असे आकडे येतात, तारीख मागे जाते, हार्ड डिस्कमधून मधूनच टकटक ऐकू येते आणि बॅटरी जेमतेम पाच मिनिटे टिकते. दुकानदाराने भंगारात द्यायला सांगितले. रॅम वाढवून आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपांची डिस्क) बसवून हा लॅपटॉप पुन्हा कामाला लागेल का?

उत्तर : लागेल, आणि तो भंगारात देण्याचे काहीही कारण मला दिसत नाही. मात्र रॅम आणि एसएसडी यांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट हार्ड डिस्कची टकटक ही आहे. वाचणारे हेड आपली जागा सापडत नसल्यामुळे पुन्हापुन्हा मागे येते, तेव्हा बहुधा असा आवाज होतो, आणि अशी डिस्क प्रत्येक वेळी सुरू करताना थोडी अधिक खराब होण्याचा धोका असतो. म्हणून मजकूर बाहेर निघेपर्यंत लॅपटॉप सुरू करू नये, 'एकदा बघू तरी' म्हणूनही नाही.

टी ४२ मधील डिस्क काढणे सोपे आहे. अडॅप्टर आणि बॅटरी काढून यंत्र पालथे घालावे, डिस्कचा एकच स्क्रू काढावा आणि कडेच्या झाकणासह डिस्क अलगद बाहेर ओढावी. ही अडीच इंची, ४४ पिनांची आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क आहे. पिनांच्या रांगेकडे नीट पाहिल्यास दोन गोष्टी ध्यानात येतील. विसाव्या पिनेची जागा रिकामी असते, आणि रांगेच्या एका टोकाला थोडे अंतर सोडून चार पिना वेगळ्या असतात. त्या चार पिना जंपरच्या, म्हणजे डिस्कची सेटिंग बदलण्याच्या, असून त्यांना कनेक्टर लावायचा नसतो. आयडीई-यूएसबी जोडणीचा कनेक्टर एक घर सरकून बसला, तर डिस्कच्या सर्किटलाच इजा होऊ शकते. म्हणून रिकामे घर आणि कनेक्टरमधील बुजवलेले छिद्र समोरासमोर आले आहे, हे भिंग घेऊन पाहावे. अशा डिस्कला फिरू लागताना एका यूएसबी पोर्टचा ५०० मिलीअँपिअर प्रवाह कधीकधी अपुरा पडतो. त्यामुळे दोन पोर्टांतून वीज घेणारी केबल किंवा स्वतंत्र वीजपुरवठा असलेली जोडणी वापरावी.

त्यानंतर एकेक फाइल कॉपी करत बसू नये. दुसऱ्या संगणकावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत कार्यप्रणाली) चालवून डीडीरेस्क्यू या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, एका फाइलमध्ये उतरवून घ्यावी. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडणारा भाग शेवटासाठी ठेवते आणि कुठवर आलो याची नोंद ठेवते, त्यामुळे मध्येच थांबवून डिस्क निवू देता येते. घरात कोणी लिनक्स वापरणारे नसेल, तर हे एवढे काम जाणकाराकडून करून घ्यावे. डिस्क फिरतच नसेल किंवा टकटक अखंड चालू असेल, तर घरगुती प्रयत्न न करता ती डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्यावी.

प्रतिमा हाती आल्यावर कागदपत्रांबरोबर फाँटच्या फाइली आणि त्या सॉफ्टवेअरचा संपूर्ण फोल्डरही जपून ठेवावा. जुन्या मराठी फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी होती. फाँट नसेल तर 'शाळा' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची सरमिसळ दिसते. आज असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून देणारी साधने मिळतात, परंतु ती रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी यांत चुकतात. चूक पकडायची तर मूळ पान मूळ फाँटमध्ये डोळ्यांसमोर असावे लागते. ते पान दाखवणारे यंत्र म्हणजे पॅरलल पोर्ट आणि लॉक असलेला आपला टी ४२. नवा लॅपटॉप कितीही महाग घेतला, तरी त्यावर हा पोर्ट मिळणार नाही, आणि यूएसबीला लावायचे पॅरलल पोर्टचे कनव्हर्टर बहुधा प्रिंटरपुरतेच असतात; अशी लॉक त्यांवर सहसा चालत नाहीत.

आता १६१ आणि १६३. पहिला आकडा सांगतो की बोर्डावरची घड्याळाची बॅटरी संपली आहे; दुसरा सांगतो की तारीख आणि वेळ लावलेली नाही. ही बॅटरी सीआर २०३२ जातीची, तीन व्होल्टची, दोन तारा आणि छोटा कनेक्टर जोडलेली असते. साधा बटण-सेल आणून त्याला घरी सोल्डरने तारा जोडू नयेत, कारण त्या उष्णतेने लिथियमचा सेल फुटू शकतो; पत्र्याचे टॅब जोडलेला तयार सेल मिळतो. या मालिकेसाठी आयबीएमची हार्डवेअर मेन्टेनन्स मॅन्युअल नावाची पुस्तिका आहे. कोणता भाग कोणत्या क्रमाने उघडायचा आणि कोणत्या जागी किती लांबीचा स्क्रू जातो, हे तीत चित्रांसह दिले आहे. स्क्रू काढाल तसे कागदावर लॅपटॉपची आकृती काढून त्या त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावेत, कारण लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो आतल्या बोर्डात घुसतो. त्याआधी एक खात्री मात्र करून घ्यावी. यंत्राला सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगला कुलूप लावणारा पासवर्ड, लावलेला असेल, तर तो वेगळ्या चिपमध्ये असल्याने बॅटरी काढून पुसला जात नाही, आणि नवी बॅटरी घातल्यावर तारीख लावण्यासाठी सेटिंगमध्ये शिरताना तोच विचारला जातो. तो विसरला असल्यास बोर्ड बदला, एवढेच उत्तर कंपनीच्या पुस्तिकेत आहे.

यंत्र उघडलेच आहे, तर पंख्यातील धूळ काढून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून घ्यावी. या मालिकेत ग्राफिक्स चिपखालचे सोल्डरचे सांधे वयोमानाने आणि बोर्डावर पडणाऱ्या ताणाने तडकतात, म्हणून चालू लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून कधीही उचलू नये. सांधे तडकलेच, तर हीट गनने चिप तापवून देणारे कारागीर भेटतात. त्याने यंत्र काही आठवडे चालते आणि बहुधा पुन्हा बंद पडते. त्यासाठी पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

रॅमच्या दोन खाचा मिळून २ जीबीपर्यंत वाढ होते. पीसी २७०० जातीची डीडीआर रॅम मागावी. नंतरची डीडीआर २ रॅमही २०० पिनांचीच असते, पण तिच्या पट्टीवरची खाच किंचित सरकलेली असते आणि तिला २.५ ऐवजी १.८ व्होल्ट लागतात. ती बसत नाही म्हणून जोर करू नये. डिस्कच्या जागी एमसाटा (छोट्या पट्टीच्या आकाराची) एसएसडी आणि ४४ पिनांचा अडॅप्टर बसतो. जुना आयडीई मार्ग सेकंदाला १०० एमबीपेक्षा अधिक नेत नाही, त्यामुळे जाहिरातीतला वेग मिळणार नाही. तरीही यंत्र उघडण्याचा वेळ लक्षणीय घटतो आणि टकटक करणारा भागच उरत नाही. एक्सपी स्वतः पार्टिशनची (डिस्कच्या वापरायच्या भागाची) सुरुवात ६३ व्या सेक्टरपासून (डिस्कवरच्या ६३ क्रमांकाच्या कप्प्यापासून) करते आणि ते एसएसडीला सोयीचे नसते, म्हणून प्रतिमा एसएसडीवर उतरवताना सुरुवात २०४८ व्या सेक्टरवर आणून घ्यावी. जुनी डिस्क फेकू नका.

बॅटरीत नवे सेल घरी भरू नयेत. ही लिथियम-आयन बॅटरी असून तिच्यातील नियंत्रक सर्किट सेल सुटताच अनेकदा कायमचे कुलूपबंद होते, शिवाय सोल्डरिंगच्या उष्णतेने सेल पेटण्याचा धोका असतो. आपले काम टेबलावरचे आहे, तेव्हा बॅटरी काढून अडॅप्टरवरच यंत्र चालवणे उत्तम. अडॅप्टर १६ व्होल्टचाच हवा. पुढच्या टी ६० पासून २० व्होल्टचा अडॅप्टर आला. त्याची पिन जाड असल्याने ती चुकून बसत नाही, परंतु व्होल्टेज बदलता येणारा बाजारातला सर्वोपयोगी अडॅप्टर २० वर राहिला तर घात होईल. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पासून एक्सपीला सुरक्षिततेच्या दुरुस्त्या देणे थांबवले आहे, म्हणून हे यंत्र इंटरनेटला जोडू नये.

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे मशिन शॉप आहे. जुन्या सीएनसीला (संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या मशिनला) प्रोग्रॅम देण्यासाठी नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट असलेला लॅपटॉप वापरतो. त्याची स्क्रीन काळी झाली आहे, पण बॅटरीचा झोत टाकला की अंधूक अक्षरे दिसतात. एका बाजूचे बिजागरही तुटले आहे. दुरुस्त करावा, की नवा लॅपटॉप घेऊन यूएसबी कनव्हर्टर लावावा?

उत्तर : अंधूक का होईना अक्षरे दिसतात, याचा अर्थ पॅनेल चांगले आहे आणि मागचा प्रकाश तेवढा गेला आहे. त्या काळच्या पॅनेलमध्ये पेन्सिलीपेक्षाही बारीक फ्लुरोसंट नळी असते आणि तिला वीज देणारी इन्व्हर्टरची छोटी पट्टी स्क्रीनखाली बसवलेली असते. आधी इन्व्हर्टर बदलून पाहावा, कारण तो नळीपेक्षा स्वस्त आणि बदलायला सोपा आहे. तो शेकडो व्होल्ट निर्माण करतो, तेव्हा यंत्र चालू असताना त्याला हात लावू नये. नळीत पारा असतो, म्हणून ती फुटू देऊ नये. तोपर्यंत काम अडत असेल, तर मागच्या व्हीजीए पोर्टला एखादा जुना मॉनिटर लावावा. मशिनशेजारी कायमचे ठेवायचे असेल, तर तीच व्यवस्था कायम ठेवायलाही हरकत नाही.

बिजागर बहुतेक वेळा स्वतः मोडत नाही. ते आवळून गच्च होते आणि त्याचा स्क्रू धरणारे प्लास्टिक तडकते. म्हणून आधी बिजागराचा ताण सैल करावा, नंतर पितळी नट पुन्हा बसवून भोवती दोन भागांचे इपॉक्सी भरावे. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ असतो आणि झाकणाच्या हिसक्याने सुटतो. लॅपटॉप आपल्या शॉपमध्येच वापरावा लागणार, म्हणून एक सूचना आग्रहाने करतो. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कामातली बारीक काळी भुकटी लोखंड आणि ग्रॅफाइटची असते आणि ती वीज वाहून नेते. ती पंख्यातून आत ओढली जाते, तेव्हा दर काही महिन्यांनी आतून साफसफाई करावी, आणि तीही शॉपमध्ये नव्हे, घरी किंवा ऑफिसात.

कनव्हर्टरबद्दल माझे मत असे आहे की छोटा प्रोग्रॅम एकदाच भरायचा असेल, तर चांगल्या चिपचा कनव्हर्टर चालतो. परंतु मशिनची मेमरी लहान असून प्रोग्रॅम ड्रिप फीडने, म्हणजे कटिंग चालू असतानाच, थोडाथोडा द्यावा लागत असेल, तर मशिनने 'थांब' सांगितल्यावरही कनव्हर्टरच्या बफरमधील (तात्पुरत्या साठ्यातील) अक्षरे पुढे जात राहतात आणि कधीकधी जॉब मध्येच अडतो. खरा सिरीयल पोर्ट तेथे अधिक भरवशाचा आहे, म्हणून दुरुस्तीच करावी. केबल लावताना किंवा काढताना मशिन आणि लॅपटॉप दोन्ही बंद असावेत. दोघांच्या अर्थिंगमधील फरकामुळे पोर्ट जळण्याचे प्रकार याच क्षणी घडतात. बॉड रेट, पॅरिटी आणि स्टॉप बिट या सिरीयल पोर्टच्या सेटिंगचे आकडे मशिनच्या पॅरामीटरमधून उतरवून लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवून ठेवावेत.

प्रश्न : २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात पंचगंगेचे पाणी आमच्या घरात शिरले, तेव्हा भावाचा लॅपटॉप बुडाला होता. आम्ही तो तांदळाच्या डब्यात ठेवून वाळवला आणि कपाटात ठेवून दिला. आता चालू करून पाहावा का?

उत्तर : अजिबात चालू करू नये. तांदळाने वरवरचे पाणी कदाचित जाते, पण पुराचा गाळ जात नाही, आणि तोच गाळ दमट हवेत तांब्याचे बारीक मार्ग आजही खात असणार. बॅटरी आत असेल तर लगेच काढावी. ती फुगलेली दिसल्यास दाबू नये, टोचू नये आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी. हार्ड डिस्क संपूर्ण बंद पेटी नसते, हवेचा दाब सारखा राखण्यासाठी तिला बारीक छिद्र असते आणि त्यातून पाणी आत गेलेले असू शकते. भावाची छायाचित्रे किंवा कागदपत्रे मोलाची असतील, तर ती डिस्क न उघडता आणि वीज न देता थेट डेटा रिकव्हरीकडे द्यावी. बुडाली असल्याचे त्यांना आधीच सांगावे. बाकी यंत्रावर खर्च करू नये.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात शिकतो. पेंटियम एम आणि १ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप मला शिकण्यासाठी मिळाला आहे. त्यावर कोणते लिनक्स टाकावे?

उत्तर : पेंटियम एम हा ३२ बिटांचा जुना प्रोसेसर आहे, आणि ३२ बिटांच्या यंत्रांचा आधार झपाट्याने कमी होत आहे. डेबियन या लिनक्सची १२ वी आवृत्ती ३२ बिटांचा इन्स्टॉलर देणारी शेवटची ठरली. २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत तो वगळला आहे. म्हणून डेबियन १२ किंवा जुन्या यंत्रांसाठी बनवलेले अँटीएक्स घ्यावे. पेंटियम एमच्या सुरुवातीच्या काही चिपांमध्ये पीएई ही (अधिक मेमरी हाताळण्याची) सोय असूनही चिप तसे कळवत नाही आणि इन्स्टॉलर अडून बसतो. अशा वेळी बूट करताना, म्हणजे यंत्र सुरू होताना, फोर्सपीएई हा पर्याय द्यावा, किंवा पीएई न लागणारा कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडावा. आजची संकेतस्थळे १ जीबीत ओढली जाणार नाहीत, पण टर्मिनल, सी आणि पायथन शिकायला हे यंत्र उत्तम आहे. बाहेरून चिकट झालेला रबरी मुलामा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या सुती फडक्याने निघतो. थिनर वापरल्यास खालचे प्लास्टिक विरघळते.