दोन क्रेडिटचं तर्कशास्त्र

प्रश्न : मी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. ओपन इलेक्टिव्हच्या (मुख्य शाखेबाहेरच्या ऐच्छिक विषयाच्या) यादीत तर्कशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र आणि मराठी लेखनकौशल्य आहे. ‘ज्यात मार्क पडतात ते घे’ असं सगळे सांगतात. नोकरीच्या दृष्टीने काय घ्यावं?
– विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : आधी तासांचा हिशेब बघा. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे 15 तास. दोन क्रेडिटच्या विषयाला अवघे 30. राज्याच्या 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयातल्या आराखड्यात ओपन इलेक्टिव्हला 10 ते 12 क्रेडिट आहेत आणि तो विषय मेजरच्या (मुख्य विषयाच्या) विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा आहे. दर सत्रात नवा विषय घेतलात तर प्रत्येकाची नुसती तोंडओळख होईल. शक्य असेल तर एकाच विषयाचे लागोपाठचे पेपर घ्या. तो विषय खरोखर आवडला, तर त्याला मायनर (दुय्यम विषय) करता येतं का हे विभागात विचारा.

तुमच्या यादीत तर्कशास्त्र सगळ्यात सोयीचं दिसतं, पण तिथेच गफलत होते. सत्यता-सारण्या (विधान कधी खरं, कधी खोटं हे दाखवणारे तक्ते) आणि विधानांचं तर्कशास्त्र तुमच्या डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स या गणिताच्या पेपरात येतंच. मार्क मिळतील, नवं थोडंच मिळेल. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्रश्नावली तयार करणं, नमुना निवडणं, मुलाखत घेणं असं काही असेल, तर आमचं मत त्याच्या बाजूने. सॉफ्टवेअर दुसऱ्यांनी वापरायचं असतं आणि वापरणारा कुठे अडला हे त्याला नीट विचारता यावं लागतं. ‘तुम्हाला अ‍ॅप आवडलं ना?’ असा प्रश्न विचारला की उत्तर आधीच ठरलेलं असतं. हे मेजरच्या पेपरात कुणी शिकवेलच असं नाही.

निवडण्याआधी मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका मिळवा. सगळे प्रश्न बहुपर्यायी असतील तर तो पेपर सोडा, नाव कितीही भारदस्त असो. लिहायला लावणारा, निदान एक अहवाल मागणारा पेपर बघा. आणि दुसरी, तिसरी पसंतीही ठरवून ठेवा : छापील यादीत वीस विषय असले तरी शिक्षक उपलब्ध नसले की प्रत्यक्षात तीन-चारच सुरू होतात. शिवाय तुमच्या प्रॅक्टिकलच्या बॅचशी वेळ जुळते का, हे फॉर्म भरायच्या आधी बघा.

प्रश्न : मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांत त्याचा वेळ जातो. प्लेसमेंटला हे कुणी विचारतं का?
– पालक, नाशिक

उत्तर : विषयाचं नाव सहसा कुणी विचारत नाही, हे खरं आहे. वेळ मात्र फार जात नाही. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात 160 पैकी 12 क्रेडिट मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं आणि व्यवस्थापन मिळून आहेत. खरा तोटा होतो तो हे पेपर परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधून उरकल्यामुळे.

त्याला एक करायला सांगा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला अर्थशास्त्राची जोड द्यावी : यंत्राची किंमत, घसारा, विजेचा खर्च आणि गुंतवणूक किती महिन्यांत वसूल होईल, याचं दोन पानी टिपण. ‘हे कारखान्याला परवडेल का?’ या प्रश्नावर मुलाखतीत भलेभले गप्प बसतात. रेझ्युमेतही ‘अर्थशास्त्राचा अभ्यास’ अशी मोघम ओळ नको. त्या टिपणाचा विषय आणि निघालेला आकडा लिहावा.

प्रश्न : कॉलेजात तत्त्वज्ञान नाही. ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून केलं तर चालेल का?
– विद्यार्थी, लातूर

उत्तर : यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयंवरून करता येतात. मात्र आपल्या कॉलेजने तो विशिष्ट कोर्स मान्य केला आहे, हे नोंदणीआधी लेखी घ्या. नंतर धावपळ करून उपयोग होत नाही. शिकणं मोफत आहे, परीक्षेची फी वेगळी. परीक्षेचा फॉर्म स्वतंत्र भरावा लागतो आणि नेमका तोच अनेकांचा राहून जातो.