पिंपलच्या गोळ्या मागायला आलेला मुलगा

चि. स,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोललास ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभं राहून तुला जेमतेम दोन महिने झालेत. कॉलेजातला एक मुलगा मोबाइल पुढे करतो, त्यात मित्राला डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीचा फोटो, डॉक्सिसायक्लिन १००, म्हणजे प्रतिजैविक, ‘दोन स्ट्रिप द्या’. तू मालकांकडे बघितलंस, त्यांनी मान हलवली, तू दिल्यास. आणि रात्री मला फोन केलास. फोन केलास म्हणून रागावत नाही.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. तीस वर्षं मेडिकल चालवलं, त्यातली सुरुवातीची काही वर्षं पिंपलवाल्या पोरांना ॲझिथ्रोमायसिन, तेही प्रतिजैविकच, मीच काढून द्यायचो. चेहरा निवळायचा, पोरं खूश. दोन-तीन महिन्यांनी तीच पोरं परत दारात. मला वाटायचं, गिऱ्हाईक टिकलं!

पिंपल म्हणजे नुसता जंतूंचा कारभार नव्हे. वयात येताना तेलग्रंथी जोरात चालतात, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचा बूच बसतो, आत तेल साचतं, आणि तिथे एरवीही राहणारा जंतू त्यावर माजतो. (क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. जुन्या पुस्तकांत प्रोपिओनिबॅक्टेरियम सापडेल, तोच हा.) मग सूज, लाली, पू. डॉक्सी जंतूला आवरते, सूजही उतरवते, पण बुचाला हात लावत नाही. म्हणून गोळी थांबली की पिंपल परत येतात, आणि म्हणूनच त्वचेचे डॉक्टर ती एकटी लिहीत नाहीत. सोबत लावायला बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापॅलिन असतं आणि गोळी साधारण तीन-चार महिन्यांत बंद होते. त्या फोटोत दुसऱ्या ओळीला काय लिहिलं होतं, तारीख कोणती होती, बघितलंस का?

गोळी एकटी, महिनोन्‌महिने चालली की जंतू सरावतात, आणि फक्त चेहऱ्यावरचेच नाही. उद्या खरंच गरज पडेल तेव्हा तेच औषध चालत नाही. स्ट्रिपवरची लाल उभी रेघ, ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ सांगणारी, त्यासाठीच आहे, २०१६ मध्ये सरकारने तिची मोहीमही काढली होती. क्लिंडामायसिनचं जेल बिनधास्त विकतात, ‘लावायचंच तर आहे’ म्हणून. तेही प्रतिजैविकच, त्यालाही पेरॉक्साइडची सोबत हवी.

आता चिठ्ठीशिवाय काय देता येईल? आपल्या कायद्यात ‘ओटीसी’, म्हणजे विनाचिठ्ठी विकायची औषधं, असा वेगळा कप्पा नाही. शेड्यूल एच, एच१, एक्स या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या याद्या, त्यांत नसलेलं उरतं ते. तेव्हा प्रत्येक ट्यूबचं लेबल वाचायची सवय लाव. अमेरिकेत ०.१ टक्क्याचं ॲडापॅलिन २०१६ पासून उघड्या फळीवर मिळतं, म्हणून इंटरनेटवर बघून पोरं तुझ्याशी वाद घालतील. घालू देत. काळे-पांढरे ठिपके असतील तर सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश पुरतो. लाल, दुखरे फोड थोडेसेच असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड, तेही अडीच टक्क्यांचं. दहा टक्क्यांनी चौपट गुण येत नाही, आग मात्र होते. आणि त्याला जंतू सरावत नाहीत, हा त्याचा मोठा गुण.

ते कसं लावायचं हे नीट सांग, कारण निम्मी पोरं तिथेच कंटाळतात. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, एकेका फोडावर नाही तर पिंपल येतात त्या सगळ्या भागावर पातळ. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, हे ट्यूब हातात देण्याआधी सांगायचं. आणि कपड्यांचा रंग उडतो! एकदा एका मुलीची आई नव्या कोऱ्या मरून ड्रेसची पांढरी पडलेली कॉलर घेऊन दुकानात भांडायला आली होती, औषध डुप्लिकेट आहे म्हणून. चूक माझीच, मी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ट्यूबच्या पिशवीवर पेनाने लिहायचो: पांढरा अभ्रा, पांढरा टॉवेल.

रीतसर चिठ्ठीवर डॉक्सी आली, तर ती देताना चार शब्द जास्त बोल. ग्लासभर पाण्याबरोबर, बसून, घेतल्यावर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जखम करते. लोहाच्या, कॅल्शियमच्या, ॲसिडिटीच्या गोळ्यांबरोबर नको, दोन-तीन तासांचं अंतर. उन्हाने कातडी भाजते, शेतात जाणाऱ्याला हे आवर्जून सांग. गरोदर बाईला ती चालत नाही. हे विचारायचं तर चारचौघांत ओरडून विचारू नकोस, काउंटरच्या कडेला घे. आयसोट्रेटिनॉइनची (हट्टी पिंपलवरची गोळी) चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरांची असेल आणि डॉक्सी अजून चालू असेल, तर दोन्ही देऊ नकोस, डॉक्टरांना फोन लाव. दोन्ही मिळून डोक्यातला दाब वाढू शकतो.

पण मला डॉक्सीपेक्षा जास्त भीती वाटते ती गोरं करणाऱ्या मलमांची. बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी स्टिरॉइडं असलेली. चार दिवसांत चेहरा गुळगुळीत, मग कातडी पातळ, लालभडक, आणि आधीपेक्षा जास्त फोड. २०१८ मध्ये असली स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये आली, तरी ती मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे फिरतातच. म्हणून कुणीही पिंपलचं विचारलं की आधी विचार, ‘आत्ता काय लावतोस? ट्यूबचा फोटो दाखव.’ त्यात स्टिरॉइड निघालं तर स्वतः काही देऊ नकोस, एकदम बंदही करायला सांगू नकोस, डॉक्टरकडे पाठव. गाठी, खड्डे, पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस असलेली मुलगी, लाजेने कॉलेज बुडवणारा मुलगा, हेही डॉक्टरकडेच.

मालकांशी भांडू नकोस. नोकरी नवी आहे. त्यांना एवढंच म्हण की पेरॉक्साइडच्या ट्यूबवरही मार्जिन सुटतं, आणि विनाचिठ्ठी डॉक्सीची विक्री तपासणीत सापडली तर परवाना तुमचा आहे. मीही ही भाषा लवकर समजायचो.

तो मुलगा दोन आठवड्यांत तिसरी स्ट्रिप मागायला येईल. तेव्हा त्याच्याशी पाच मिनिटं बोल, गर्दी असली तरी. आणि काय म्हणाला ते मला कळव.

तुझा,
काका