रद्द झालेल्या कलम ६६अ खाली व्हॉट्सॲप स्टेटसवरून मिरजेत गुन्हा नोंदवलाय, तो टिकतो का?

नाही, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच (श्रेया सिंघल खटला) घटनाबाह्य ठरवलंय, त्यामुळे त्याखालचा गुन्हा टिकत नाही. तरी असं घडतं, कारण कायद्याच्या पुस्तकात कलम पूर्ण छापलेलं असतं आणि ते रद्द झाल्याची नोंद खाली बारीक तळटीपेत. गुन्हा नोंदवणारा कलम बघतो, तळटीप राहून जाते. शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की ६६अ खाली कुणावरही खटला चालवू नका, प्रलंबित प्रकरणांतूनही ते वगळा. निकालानंतरही सात वर्षं लोकांनी तारखांना हेलपाटे घातले, हा सरळ अन्याय आहे.

आधी एफआयआरची प्रत काढा. ती आरोपीलाही मिळते, आणि संवेदनशील गुन्हे सोडले तर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. मग २०२२ चा आदेश जोडून तपास अधिकारी आणि पोलीस अधीक्षक, दोघांकडे अर्ज द्या. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय निघू नका. दाद लागली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जा. सांगली-साताऱ्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आहे, मुंबईची फेरी वाचते.

मात्र एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (गटागटांत वैर पसरवणं) किंवा ३५३ (अफवा, चिथावणीखोर विधानं) लावलं असेल, तर ६६अ गळूनही तेवढा गुन्हा चालूच राहतो. त्यासाठी वकील आत्ताच गाठा.