न मरणाऱ्या हिरोबद्दल तू विचारलंस म्हणून

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री दीडला आलेला दिसला. सकाळी चहा घेताना वाचला, मग तू पाठवलेली तुझ्या कादंबरीची तिन्ही प्रकरणंही बसल्या बैठकीला वाचून काढली, आणि वाटलं की ह्याला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत उत्तर द्यायचं नाही, नीट बसून लिहायचं. तू विचारलंयस की मॅडम, मी एकोणीस वर्षांची झाले, इंजिनिअरिंग करतेय, तरी मला व्हॅम्पायर आणि शापित राजपुत्रांच्या लव्हस्टोऱ्या सोडून दुसरं काही वाचवत नाही, रूममेट हसते, दादा म्हणतो कचरा वाचतेस, माझं काही चुकतंय का.

काहीही चुकत नाहीये. पण हे मी आज म्हणतेय, २०१० मध्ये म्हटलं नसतं, आणि ते का ते तुला सांगायला हवं.

त्या वर्षी माझी ताई आयसीयूत होती. बाहेरच्या लोखंडी बाकावर आम्ही आळीपाळीने बसायचो, डबे, थर्मास, औषधांच्या पावत्या, सगळा संसार त्या बाकावर. ताईची मुलगी तेव्हा सतरा वर्षांची, आणि ती दिवसभर एक जाडजूड इंग्लिश कादंबरी वाचत बसायची, मान वर करायची नाही. येणारे-जाणारे नातेवाईक आपापसात बोलायचे, आई आत आणि ही बघा काय वाचतेय. एक दिवस मीही तिला बोलले, चांगलंच बोलले. तिने काही न बोलता पुस्तक बाकावर ठेवलं आणि जिन्यात जाऊन बसली. ते होतं 'न्यू मून', साधी मुलगी आणि व्हॅम्पायर हिरोच्या ट्वायलाइट सिरीजमधलं दुसरं. रात्री झोप येत नव्हती म्हणून मी ते उघडलं, आणि पहाटेपर्यंत मला कळलं की पोरगी काय वाचत होती.

त्या पुस्तकात एक डॉक्टर आहे, कार्लाइल, तो स्वतः व्हॅम्पायर आहे पण माणसांच्या दवाखान्यात काम करतो. १९१८ साली शिकागोत फ्लूची साथ असते, आपल्याकडेही त्याच साथीत एक कोटीहून जास्त माणसं गेली, ती साथ. वॉर्डात एक बाई मरायला टेकलीय, नवरा आधीच गेलाय, आणि शेजारी सतरा वर्षांचा मुलगा तापाने फणफणलाय. ती बाई ह्या डॉक्टरला सांगते की तुमच्या हातात जे जे आहे ते करा, दुसऱ्या कोणाला जमणार नाही ते तुम्ही करा, माझ्या मुलाला वाचवा. आणि तो ते करतो, मुलाला आपल्यासारखा व्हॅम्पायर करतो. तो मुलगा म्हणजेच ह्या पुस्तकांचा हिरो, तो असा अमर झालाय. लोक ह्या पुस्तकांतले सुळे आणि रक्त बघतात, मला त्या रात्री आयसीयूच्या दारातला नातेवाईक दिसला, डॉक्टरच्या हाताला धरून "काहीही करा हो" म्हणणारा, कारण त्याच संध्याकाळी मी स्वतः तेच म्हणून आले होते.

तेव्हापासून मी ही पुस्तकं वाचते, आणि मला एक गोष्ट सारखी दिसत आलीय. अमर प्रियकराची गोष्ट खोदत गेलीस की तळाशी कोणाचं तरी आजारपण असतं. अ‍ॅन राइस नावाच्या अमेरिकन लेखिकेची मुलगी १९७२ साली ल्युकेमियाने गेली, सहा वर्षांचीसुद्धा झाली नव्हती. त्यानंतर १९७६ मध्ये तिची व्हॅम्पायरवरची कादंबरी आली, त्यात प्लेगने मेलेल्या आईच्या शेजारी एक पाच वर्षांची मुलगी सापडते आणि तिला अमर केलं जातं. ती पुढे मनाने बाई होते, शरीर मात्र पाच वर्षांचंच राहतं, आणि तिला अमर करणाऱ्यांना ती ह्याबद्दल कधीच माफ करत नाही. आईने लिहिलेलं आहे ते. मुलगी परत मिळाली तर, आणि मिळूनही हे असं झालं तर, हे दोन्ही तिने लिहून ठेवलं. आज तू जे वाचतेस त्यातलं बरंच ह्या पुस्तकाच्या वाटेने आलंय, कारण राक्षसाच्या तोंडून राक्षसाचं दुःख सांगायची सवय वाचकांना तिथून लागली. ड्रॅक्युला ही व्हॅम्पायरची जुनी कादंबरी १८९७ ची, पण मूळ पुस्तकात तो कोणाचा प्रियकर वगैरे अजिबात नाही, शतकानुशतकं एकीची वाट बघणारा ड्रॅक्युला नंतर सिनेमावाल्यांनी केला.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे की तुला ह्या गोष्टी आवडतात कारण त्यातला माणूस जात नाही. तू लिहिलंयस की हॉस्टेलवर आल्यापासून तुझे शाळेतले मित्र-मैत्रिणी एकेक करून गायब झाले, ब्लू टिक येते पण रिप्लाय येत नाही, आणि आजोबा गेले तेव्हा तुझी परीक्षा होती म्हणून तुला दोन दिवसांनी कळवलं. हे सगळं तू एकाच परिच्छेदात लिहिलंस आणि खालच्या परिच्छेदात विचारलंस की मला हीच पुस्तकं का आवडतात. तूच परत एकदा वाचून बघ तो मेसेज. शंभर-दोनशे वर्षं जगलेला माणूस, ज्याच्याकडे वेळच वेळ आहे, ज्याने साम्राज्यं येताना-जाताना पाहिली, तो कँटीनमध्ये एका साध्या मुलीसमोर बसतो आणि तिने काय खाल्लं हे लक्ष देऊन ऐकतो. एवढं लक्ष कोणाला नको असतं? आणि तो वयाने मोठा पण दिसायला सतराचा, म्हणजे वर्गातल्या मुलांसारखा उथळ नाही आणि म्हाताराही नाही, समजूतदारपणा सगळा आहे आणि सुरकुती एकही नाही, असं खऱ्या आयुष्यात कोणी भेटत नाही म्हणून तर पुस्तकात लागतो.

आपल्याकडे हे खातं मोकळंच होतं असं मला वाटतं. आपले सात चिरंजीव आठव, अश्वत्थामा बलिर्व्यासो म्हणत लहानपणी पाठ केलेले, त्यातला एकही प्रेमासाठी अमर नाही. बळी दानासाठी, बिभीषण राज्यासाठी, हनुमान रामनामासाठी, आणि अश्वत्थाम्याला तर ती शिक्षाच आहे, कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरतो तो. प्रेमासाठी आपल्याकडे अमरत्व मागत नाहीत, जन्म मागतात, वडाला दोरा गुंडाळून सात. माणूस मरतो आणि परत येतो. ह्या इंग्लिश कादंबऱ्यांमध्ये एकजण मरतच नाही, थांबून राहतो. दोन्ही वाट बघण्याच्याच गोष्टी, पण पुनर्जन्मात दोघंही सगळं विसरून नव्याने सुरू करतात आणि तिकडे एकाला सगळं आठवत असतं. ते आठवणंच फार वेगळं पडतं.

आणि एक जुनी गोष्ट मात्र आहे, ती तू वाचायलाच हवीस, राजा पुरूरवा आणि अप्सरा उर्वशीची. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पंचाण्णवावं सूक्त, अठराच ऋचा, नुसता संवाद. ती सोडून निघालीय, तो थांब म्हणतोय, आणि ती म्हणते मी पहिल्या उषेसारखी निघून गेले, वाऱ्यासारखी मी, हाताला लागायची नाही. इथे अमर ती आहे आणि मर्त्य तो, तुझ्या पुस्तकांच्या बरोबर उलट. पुढे शतपथ ब्राह्मण ह्या वैदिक ग्रंथात हीच गोष्ट आणखी रंगवलीय, त्यात गंधर्व त्याला वर देणार असतात आणि काय मागायचं हेही उर्वशीच त्याला सांगून ठेवते, मला तुमच्यातला एक करा म्हण. मग अश्वत्थाच्या लाकडाच्या अरणी घासून तो अग्नी तयार करतो आणि शेवटी गंधर्व होतो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले, कारण ट्वायलाइटच्या शेवटच्या भागात हेच आहे, मर्त्य मुलगी त्याच्यातली एक होते. तुझा दादा ज्याला कचरा म्हणतोय त्याचा सांगाडा इतका जुना आहे.

आता एक काळजीचं बोलते, आणि हे मी तुझ्या आईसारखं बोलतेय असं समज. ट्वायलाइटमधला हिरो रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना बघत बसतो, तिला माहीत नसताना, कितीतरी रात्री. तिसऱ्या पुस्तकात ती मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीचा पार्ट काढून ठेवतो. दुसऱ्यात तिला न विचारता ठरवतो की तिच्या भल्यासाठी मी निघून जातो. पुस्तकात हे गोड वाटतं कारण लेखिकेने आपल्याला आधीच सांगितलेलं असतं की तो वाईट नाही. खऱ्या आयुष्यात ही हमी द्यायला कोणी नसतं. कोणी मुलगा तू कुठे जातेस हे ठरवायला लागला, लोकेशन मागायला लागला, तुझ्या भल्यासाठी म्हणून तुझ्याशी न बोलता निर्णय घ्यायला लागला, तर तिथे तुला हे पुस्तक आठवून लाजायला होता कामा नये, तिथे तू सरळ उठून निघायचंस, आणि मला फोन करायचास, कितीही वाजले असले तरी.

आता तुझी प्रकरणं. वाड्यात राहणारा, १७७२ साली जन्मलेला तुझा नायक मला मनापासून आवडला, भाषा चांगली चाललीय, दुसऱ्या प्रकरणातला गच्चीवरचा पाऊस तर फारच छान. पण तीन प्रकरणांत तो पाच वेळा म्हणतो की मी तुझी दोनशे वर्षं वाट बघितली, आणि मला एकदाही ती दोनशे वर्षं दिसली नाहीत. अगं, हा माणूस पुण्याचा लकडी पूल खरोखर लाकडाचा होता तेव्हाचा आहे! त्याने शनिवारवाड्यावरचा भगवा उतरलेला पाहिला असेल, त्याच वाड्याची १८२८ ची आग पाहिली असेल, १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा कंबरभर पाण्यात उभा राहिला असेल. ड्रॅक्युला लंडनमध्ये छापला गेला त्या १८९७ मध्येच पुण्यात प्लेग होता, सोल्जर घराघरात घुसून झडत्या घेत होते, माणसं उचलून छावणीत नेत होते, लोकांचं सामान जाळत होते. तुझा नायक तेव्हा कुठे होता? त्याला प्लेग होऊ शकत नाही, म्हणजे शेजारच्या आजाऱ्याला पाणी पाजायला तोच जात असणार, आणि पाजून पाजून त्याच्या हातात किती जण गेले असतील. त्यातलं एक माणूस दाखव. एकच. त्याचं नाव, त्याची चादर, त्याने शेवटी काय मागितलं ते. मग तुझी नायिका त्याला भेटली की तो का घाबरतो हे तुला सांगावं लागणार नाही, वाचकाला आपोआप कळेल.

आणि बारीकसारीक गोष्टीसुद्धा बघ. तो 'पाच मिनिटांत आलो' म्हणतो तुझ्याकडे, त्याच्या तोंडी कधीतरी 'घटकाभर थांब' येऊ दे. त्याची सही मोडीत असेल. जुन्या सवयीने तो पेनाने लिहिलेल्या कागदावरही शाई वाळवायला वाळू टाकायला हात पुढे करेल आणि मग थांबेल, तेवढं एक वाक्य लिही, त्यात त्याची दोनशे वर्षं येतील. प्रत्येक पानावर त्याचे डोळे किती खोल आहेत हे लिहायची गरज राहणार नाही मग.

शेवटाचं तू विचारलंयस, दोघांना अमर करू की त्याला माणूस करून मारून टाकू. मी ठरवणार नाही, ती तुझी गोष्ट आहे. रोमान्स वाचणाऱ्या वाचकाला शेवट गोड लागतो हे खरंय, त्यात कमीपणा मानू नकोस, आपल्या कहाण्याही साठा उत्तराच्या पाचा उत्तरी सुफळ संपूर्णच होतात. फक्त तिला अमर करायचं ठरवलंस तर ती काय मागे सोडून जातेय ते मोजून लिही, आईचा फोन उचलता येणार नाही कधी, भाऊ म्हातारा होताना लांबून बघावा लागेल, हे सगळं. ग्रीक गोष्टीत एक देवी प्रियकरासाठी अमरत्व मागते आणि तारुण्य मागायला विसरते, मग तो म्हातारा होत होत एका खोलीत बडबडत पडून राहतो, मरत मात्र नाही. मागणं नीट विचार करून मागावं लागतं, पुस्तकातसुद्धा.

ताई त्या आजारातून उठली नाही. तिच्या मुलीशी मी नंतर बोलले, माफी मागितली, ती म्हणाली मावशी, मला तेव्हा फक्त अशी गोष्ट हवी होती ज्यात डॉक्टरला काहीतरी करता येतं. ती आता परदेशात असते, तिलाही मुलगी आहे. ते पुस्तक तिने माझ्याकडेच ठेवलंय. त्यात हिरो निघून जातो त्यानंतर काही पानं जवळजवळ कोरी आहेत, एका पानावर नुसतं ऑक्टोबर, पुढच्यावर नोव्हेंबर, मग डिसेंबर, जानेवारी, बाकी काही नाही. त्या नोव्हेंबरच्या पानावर थर्मासमधल्या चहाचा डाग आहे, आमच्या बाकावरचा. तुझ्या चौथ्या प्रकरणात तो निघून जातो असं तू लिहिलंयस, तर ते लिहायच्या आधी ही पानं एकदा हातात घेऊन बघ. रविवारी ये, दहानंतर मी घरीच असते, पुस्तक काढून ठेवते. कव्हर थोडं फाटलंय, जपून ने.

तुझी,
मॅडम